गेमचा सीक्वेल (पुढचा भाग) घ्यायचा की थांबायचं?

आधी आपली जुनी गेम लायब्ररी उघडा. पहिला भाग किती तास खेळलात आणि शेवटचं अचीव्हमेंट (गेममधला टप्पा गाठल्याची नोंद) कधी मिळालं, हे स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, दिसतं. कथा अर्ध्यावर सोडली असेल तर दुसऱ्या भागाची घाई कशाला? पूर्ण केला असेल तर तो कशामुळे खेळत राहिलात, हे एका वाक्यात लिहा: लढाई, मित्रांसोबतचा को-ऑप (एकत्र खेळणं), मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या भरी आणि बदल), की नुसती कथा. मग तीच गोष्ट नव्या भागात आहे का, ते शोधा.

ही पायरी वरवर फालतू वाटते, पण बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. २०२३ च्या फेब्रुवारीत 'कर्बल स्पेस प्रोग्राम २' अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला) आला, तेव्हा त्यात पहिल्या भागातला करिअर मोडच (पैसे आणि कामगिऱ्या सांभाळत पुढे जाण्याचा प्रकार) नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'सिटीज: स्कायलाइन्स २' आला. पहिल्या भागाचा जीव मॉडमध्ये होता, पण इथे रिलीजच्या दिवशी मॉडची सोय नव्हती. ती २०२४ च्या मार्चमध्ये आली, आणि स्टीम वर्कशॉपवर (स्टीमच्या मॉड-विभागात) नाही, तर प्रकाशकाच्या स्वतःच्या व्यवस्थेत. ट्रेलरमध्ये अशा उणिवा दिसत नाहीत. स्टोअरच्या पानावरची फीचर-यादी पहिल्या भागाच्या यादीशेजारी ठेवून ताडून पाहा. जे लिहिलेलं नाही, ते नाही असंच धरून चाला.

यानंतर मशीनचा प्रश्न. स्टोअरच्या पानावर गेमला लागणाऱ्या मशीनच्या यादीतला 'रेकमेंडेड' हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. ते आकडे कुठल्या रिझोल्यूशनला, किती एफपीएसला (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) आणि अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करण्याची युक्ती) धरून की न धरता दिलेत, ते वाचा. आपल्यासारखंच ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर असलेला व्हिडिओ शोधा, आणि मोकळ्या माळरानाऐवजी गर्दीच्या शहरातला भाग बघा. 'ड्रॅगन्स डॉग्मा २' मध्ये शहरात शिरलं की ताण प्रोसेसरवर येत होता, त्यामुळे ग्राफिक्स सेटिंग उतरवूनही फारसा उपयोग होत नव्हता. सरासरी एफपीएसवर भुलू नका. ६० एफपीएसला एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. मधूनच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद घेऊ लागली तर सरासरी छान दिसते, हाताला मात्र झटके जाणवतात. म्हणून '१ टक्का लो', म्हणजे सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा एफपीएस, हा आकडा पाहा.

कन्सोलवर खेळणाऱ्यांनी रिव्ह्यू कुठल्या आवृत्तीचा आहे, ते आधी तपासावं. 'सायबरपंक २०७७' सीक्वेल नव्हता, पण उदाहरण चपखल आहे: रिलीजआधीचे रिव्ह्यू पीसी आवृत्तीवर बेतलेले होते, आणि रिलीजनंतर साधारण आठवड्याभरात, १८ डिसेंबर २०२० रोजी, सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला.

खेळाडूंचे रिव्ह्यू वाचताना गेल्या ३० दिवसांचे आणि निदान १० तास खेळलेल्यांचे निवडून घ्या. त्यातले नकारात्मक आधी. 'सर्व्हर चालत नाही' ही तक्रार पॅचने (दुरुस्तीच्या अपडेटने) मिटू शकते. 'तेच मिशन पुन्हापुन्हा' ही सहसा मिटत नाही.

कथेचं थोडक्यात: 'बॉल्डर्स गेट ३' आधीचे भाग न खेळताही समजतो. 'मास इफेक्ट' मालिकेत मात्र जुनी सेव्ह फाइल (खेळाची साठवलेली प्रगती) पुढे नेता येते आणि आधीचे निर्णय टिकतात. अशी मालिका असेल तर सेव्ह हाताशी आहे का, प्लॅटफॉर्म तोच आहे का, ते खरेदीआधी बघा.

एवढं करूनही मन डळमळत असेल तर रिफंडची मुदत चाचणीसारखी वापरा. स्टीमवर सर्वसाधारणपणे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात. ॲडव्हान्स्ड ॲक्सेसमध्ये (रिलीजआधीच मिळणाऱ्या प्रवेशात) खेळलेला वेळही यात धरला जातो. गेम उघडल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार व्हायला लागणारी मिनिटं आणि पात्राचं नाक-डोळे सजवण्यात जाणारा अर्धा तास, दोन्ही त्याच २ तासांतून जातात. म्हणून पहिल्यांदा तयार पात्र निवडा, थेट सगळ्यात गजबजलेल्या ठिकाणी जा, एक लढाई करा आणि ९० मिनिटांचा अलार्म लावून ठेवा. डीलक्स (जादा सामग्रीची महाग) आवृत्ती मात्र या चाचणीनंतरच.