लिनक्सवरचा सी प्रोग्रॅम विंडोजवर नेताना कंपाइलरची तयारी

आधी ठरवा: सिगविन (विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देणारा) की मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ (थेट विंडोजचा प्रोग्रॅम बनवणारा). ६४ बिटी सिगविनमध्ये फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढणारं फंक्शन) मिळतो, लाँग (पूर्णांकाचा प्रकार) ६४ बिटी लिनक्ससारखा ८ बाइटचाच राहतो. मिंगडब्ल्यूत फोर्क नाही आणि लाँग ४ बाइटचा. दोन्हींच्या लायब्ररी एकत्र लिंक करू नका. पुढचं सगळं मिंगडब्ल्यूबद्दल आहे.

कुठल्याही फ्लॅगच्या (कंपाइलरला द्यायच्या पर्यायाच्या) आधी -डी_फाइल_ऑफसेट_बिट्स=६४ घाला. विंडोज ६४ बिटी असली तरी इथे ऑफ_टी (फाइलीतली जागा, म्हणजे ऑफसेट, ठेवणारा प्रकार) मुळात ३२ बिटांचाच असतो. ६४ बिटी लिनक्सवर या फ्लॅगवाचून अडत नाही, म्हणून तो सुटतो. टेस्टच्या फाइली छोट्या, त्यामुळे सगळ्या टेस्ट पास होतात. २ जीबीच्या पुढे मात्र ऑफसेट कापला जातो आणि डेटा भलत्याच जागी लिहिला जातो.

हा फ्लॅग सीपीपीफ्लॅग्जमध्ये (सी आणि सी++ दोन्हींना लागू होणाऱ्या पर्यायांत) टाका. फक्त सीफ्लॅग्जमध्ये टाकलात तर सी++ च्या फाइली फ्लॅगविना राहतात. कॉन्फिगर स्क्रिप्ट तो फ्लॅग कॉन्फिग.एच मध्ये लिहीत असेल तर त्यावर विसंबू नका: एखाद्या फाइलीत सिस्टिमचं हेडर कॉन्फिग.एच च्या आधी आलं, की ऑफ_टीचा आकार तिथेच ठरून जातो. आणि स्वतः बांधलेल्या प्रत्येक लायब्ररीलाही हाच फ्लॅग हवा, कारण स्टॅट (फाइलीची माहिती ठेवणाऱ्या) स्ट्रक्चरचा आकारही त्याने बदलतो. लायब्ररी एका मापाची, प्रोग्रॅम दुसऱ्या मापाचा. लिंकर चकार शब्द काढत नाही. ऑफ_टी ८ बाइटचा नसेल तर बिल्ड तिथेच थांबेल असा स्टॅटिक अॅसर्ट (कंपाइल होतानाच होणारी तपासणी) एका सामाईक हेडरमध्ये घाला. मेक व्ही=१ (पूर्ण कमांड दाखवणारा) चालवून प्रत्येक कमांडमध्ये फ्लॅग डोळ्यांनी बघा. प्रत्येक कमांडमध्ये. एफटेल (फाइलीतली सध्याची जागा सांगणारं फंक्शन) लाँगच परत देतो, त्याला फ्लॅग वाचवत नाही. तिथे एफटेलो लिहा.

पॉइंटर लाँगमध्ये ठेवणारा कोड शोधायला -डब्ल्यूएरर=पॉइंटर-टू-इंट-कास्ट लावा आणि तिथे यूइंटपीटीआर_टी (पॉइंटर मावेल असा पूर्णांक प्रकार) वापरा. ही वॉर्निंग दाबू नका, वरचे ३२ बिट खरोखर जातात.

-एसटीडी=सी११ नको, जीएनयू११ द्या; नाहीतर एसटीआरडप, फाइलनो ही फंक्शनं हेडरमधून गायब होतात.

फाइली बायनरी मोडमध्ये उघडा, म्हणजे ओपनला ओ_बायनरी आणि एफओपनला बी. टेक्स्ट मोडमध्ये ०एक्स१ए हा बाइट आला की वाचन संपतं. स्टँडर्ड इनपुट-आउटपुटला बायनरी मोड _सेटमोडने वेगळा लावा.

लिंक करताना -एलडब्ल्यूएस२_३२ (विंडोजची नेटवर्क लायब्ररी) ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर. लिबटूलला (लायब्ररी बांधणाऱ्या साधनाला) -नो-अनडिफाइन्ड, नाहीतर डीएलएल (विंडोजची सामाईक लायब्ररी) बनत नाही. -आरडायनॅमिक काढा. खोल रिकर्शन असेल तर -डब्ल्यूएल,--स्टॅक,८३८८६०८ (स्टॅकचा आकार, बाइटमध्ये). लिनक्सवर सहसा ८ एमबी मिळतात, इथे खूप कमी.

३ जीबीची फाइल देऊन चालवा. शेवटी ऑब्जडंप -पी ने प्रोग्रॅमला लागणाऱ्या डीएलएल तपासा; त्यात लिबविनपीथ्रेड-१ (थ्रेडची लायब्ररी) दिसली तर ती सोबत द्यावी लागते.