एकच पाय दुखतोय, रंगही बदललाय? या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात आत्या रात्रभराच्या बसने पुण्याहून बडोद्याला आली. दुसऱ्या दिवशी तिची डावी पोटरी दुखायला लागली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, प्रवासाने पाय भरून आले. मी तेल कोमट करून दोन दिवस पोटरी रगडून दिली. तिसऱ्या दिवशी डाव्या पायातलं जोडवं निघेना, उजव्यातलं सहज फिरत होतं. तेव्हा कुठे दोन्ही पाय शेजारी ठेवून नीट पाहिले. डावी पोटरी सुजलेली, गरम आणि घोट्यापाशी निळसर झाक. डॉपलर सोनोग्राफीत, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या तपासणीत, खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली.

म्हणून आधी हेच सांगते: एकाच पायाला सूज असेल तर पोटरी चोळू नका. लांबचा प्रवास, ऑपरेशन, बाळंतपण किंवा बरेच दिवस अंथरुणात काढल्यावर तर मुळीच नाही. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर थेट १०८ ला फोन करा.

घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी हळूहळू तपकिरी होत गेली तर तो नुसता डाग समजून क्रीम चोपडत बसू नका. शिरांच्या झडपा सैल झाल्या की रक्त खाली साचतं, लाल पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत उरतं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांत हे बरंच दिसतं. इथे धावपळ नको, पण अंगावरही काढू नका. खाजवून झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

मनानेच घट्ट मोजे किंवा क्रेप बँडेज चढवणं ही आणखी एक चूक. सुरसागर तलावाची फेरी मारताना ठरावीक अंतरावर पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो, असं होत असेल तर दोष धमनीचा, म्हणजे पायाकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीचा, असू शकतो. विडी-सिगारेट किंवा मधुमेह असेल तर शंका अधिक. अशा पायाला आवळलं तर उरलंसुरलं रक्तही पोचत नाही. डॉक्टर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून उत्तर ०.९ च्या खाली आलं, तर धमनी अरुंद झाल्याचं धरतात. मोजे त्यानंतरच.

मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका. चटका बसलेला कळतही नाही.

लाल, गरम, पसरत जाणारा चट्टा आणि ताप म्हणजे बहुधा संसर्ग. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. पालथ्या हाताने ऊब पाहा, पेनाने कडा आखा आणि त्याच दिवशी दाखवा.

पाय अचानक पांढराफटक, थंड आणि बधिर पडला, तर प्रश्न तासांचा असतो. सकाळची वाट न पाहता बडोद्यातल्या सयाजी रुग्णालयासारख्या चोवीस तास तातडीचा विभाग चालणाऱ्या ठिकाणी न्या. निघण्यापूर्वी उजेडात दोन्ही पायांचा एकत्र फोटो काढा आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.