जुनी .२२ ली-एनफिल्ड: या चुका टाळा

एनसीसीच्या कॅम्पात २५ यार्डांवर पालथं पडून नेम धरला असेल, तर 'पॉइंट टू-टू', म्हणजे .२२ इंच नळीची रायफल, कानाला नवी नाही. इथे विषय आहे तिच्यातल्या जुन्या ब्रिटिश नंबर २ मार्क ४* रायफलचा. ही मुळात .३०३ ची लष्करी एसएमएलई, म्हणजे शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्ड. सरावाचा खर्च वाचावा म्हणून तिला .२२ ची नळी बसवली गेली. ती बिघडते बहुतेक वेळा मालकाच्या हौसेने.

दस्ता हलतो म्हणून थेट बोल्ट आवळणं

सगळ्यात महागात पडणारी चूक. दस्त्याच्या मागच्या झाकणातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून आतला बोल्ट फिरवायचा मोह होतो. पण त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाला, म्हणजे फोरएंडला, मागून लावलेल्या धातूच्या पट्टीत अडकलेलं असतं. बोल्ट फिरला की पट्टी फिरते आणि लाकूड मागून उभं चिरतं.

योग्य क्रम असा: रायफल रिकामी असल्याची खात्री, मग नोजकॅप (तोंडाकडची धातूची टोपी), नळीभोवतीची बाहेरची पट्टी, वरचं लाकूड, नळीभोवतीच्याच आतल्या पट्टीचा स्क्रू आणि शेवटी ट्रिगर गार्डचे दोन्ही स्क्रू. फोरएंड सरळ खाली उतरवा, वाकडं ओढू नका. आतला बारीक स्प्रिंग आणि स्टड (छोटी खुंटी) घरंगळून हरवतो, म्हणून खाली पांढरा कपडा अंथरा. मग बोल्ट आवळा. जोडताना चौकोनी टोक खाचेत सरळ आलं नाही तर फोरएंड बसत नाही. अशा वेळी हातोडी नको, बोल्ट किंचित फिरवून टोक सरळ करा.

तोंडाकडून सफाईचा गज घालणं

.२२ ची शिशाची गोळी मऊ, तिने नळी फारशी झिजत नाही. झिजवतो तो तुकडे जोडलेला लोखंडी गज. नळीच्या तोंडाची कड एका बाजूने जरी घासली गेली, तरी ग्रुपिंग, म्हणजे लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका, फाकतं. चेंबरमागचा सरकता बोल्ट (दस्त्यातला नव्हे) काढा आणि अखंड, आवरण असलेला गज मागूनच घाला. दर सरावानंतर घासायची गरज नाही, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मात्र बघा. तिच्या पुढच्या टोकाला मेण आणि काजळीचं कडं साठतं, विशेषतः चेंबर लांब 'लाँग रायफल' काडतुसाचं असून त्यात आखूड 'शॉर्ट' काडतुसं वापरली असतील तर. काडतूस बसताना जोर लागू लागला की समजा. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं थांबा, मग पितळी ब्रश.

'फुस्' आवाजानंतर पुढची गोळी मारणं

आवाज दबका आला आणि लक्ष्यावर भोक नाही, तर गोळी नळीतच आहे असं धरा. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून थोडं थांबा, रायफल रिकामी करा आणि नळी तपासा. मागून दुसरी गोळी आली की नळी आतून फुगते. बऱ्याच नळ्या बर्मिंगहॅमच्या पार्कर पद्धतीने, जुन्या नळीत नवी नळी बसवून केलेल्या असतात. तिथे फुगवटा बाहेरून दिसतही नाही. विकत घेताना घट्ट चिंधी गजावर सावकाश ढकला. एखाद्या जागी हात अचानक सैल गेला, की तिथे फुगवट्याचं कडं आहे.

रिकामा घोडा दाबणं

फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर मारते. काडतूस नसेल तर ती चेंबरच्या कडेवर आदळू शकते आणि तिथे खड्डा पडतो. काडतूस फुटत नसेल तर त्याच्या कडेवरची खूण बघा. खूण उथळ असेल तर आधी सरकत्या बोल्टमधलं गोठलेलं ग्रीस काढा, मगच स्प्रिंगला दोष द्या.

साईट अंदाजाने ठोकणं

२५ यार्ड म्हणजे ९०० इंच. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साईटमधलं अंतर साधारण साडेएकोणीस इंच. म्हणजे लक्ष्यावर एक इंच सरकवायला पुढची साईट जेमतेम अर्धा मिलिमीटर हलवायची. गोळ्या डावीकडे जात असतील तर पुढची साईट डावीकडेच सरकवा. काडतूस साधारण १०५० ते १०८० फूट प्रतिसेकंद वेगाचं घ्या. जास्त वेगवान गोळी दूर जाताना ध्वनीच्या वेगाखाली येते तेव्हा डगमगू शकते. काडतूस बदललं की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नका.

किंमत ठरवताना

मॅगझीनमध्ये स्प्रिंग नाही म्हणून 'अपूर्ण' ठरवू नका. रायफल एकेका गोळीची आहे. रिकामं मॅगझीन झडलेली पुंगळी झेलायला असतं. बट सॉकेटवरचं (दस्ता बसतो त्या धातूच्या खोबणीवरचं) साल मूळ .३०३ चं, रूपांतराचं नव्हे. नंबर रिसीव्हर (नळीमागचा मुख्य धातूचा भाग), सरकता बोल्ट आणि नळीवर जुळतात का पाहा. नव्याने काळी केलेली आणि पॉलिश कागदाने घासलेली रायफल चमकते खरी, पण खुणा पुसट झाल्या की संग्राहक हात आखडता घेतो. शिक्के पुसणं तर नकोच: भारतात १९५९ चा शस्त्र कायदा ओळखखुणा खोडायला मनाई करतो. परवान्याशिवाय खरेदीही नाही, रायफल कितीही जुनी असो. भाव काढताना जाहिरातीतले आकडे सोडा, प्रत्यक्ष झालेले सौदे बघा. आणि नळीत दिवा धरल्याशिवाय आकडा बोलू नका.