शाईपेन हातात घेतलंय? मग या चुका टाळा

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण सांगलीत विश्रामबागला एकाच्या व्हरांड्यात जमतो. सतरंजीवर आपापली पेनं मांडायची, एकमेकांची लिहून बघायची, कुणाकडे नवी शाई आली असेल तर ड्रॉपरभर मागून घ्यायची. मला शाईपेनाचा नाद इथंच लागला. शाळेत वापरलं होतं, पण मधली वीसेक वर्षं बॉलपेनातच गेली. मग एका रविवारी एका निवृत्त मास्तरांनी त्यांचं काळं, जाडजूड पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "दाबू नका. नुसतं टेकवा, ते आपलं आपण लिहितं." त्या दिवशी मी दोन पानं भरली.

आता दर महिन्याला कुणी ना कुणी नवं येतं आणि सतरंजीवर बसायच्या आधीच सांगतं, "पेन चालत नाही हो." बघायला घ्यावं तर मूळ बिघाड किरकोळ असतो. शाई वाळलेली असते, नाहीतर निबेच्या फटीत कागदाचा तंतू अडकलेला असतो. खरं नुकसान त्यानंतर घरी केलेल्या दुरुस्तीत झालेलं असतं. शाईपेन आपणहून फार क्वचित बिघडतं. ते दुरुस्त करताना बिघडतं, आणि तेही घाईत. म्हणून हे लिहायला बसलो.

भलतीच शाई

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. दुकानात काळ्या शाईची बाटली दिसते, वर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं. चांगलीच असेल म्हणून माणूस घेतो आणि भरतो. ती ड्रॉइंगची शाई असते. तिच्यात काजळी असते आणि काजळी कागदाला धरून राहावी म्हणून लाख घातलेली असते. टाकाला किंवा ब्रशला ती उत्तम. बुडवा, रेघ ओढा, काम झालं की धुऊन ठेवा. पूर्वी पोथ्या लिहायची शाईसुद्धा काजळी आणि डिंकाचीच, पण तीही बोरू बुडवून वापरायची.

शाईपेनाचं आतलं काम वेगळं आहे. निबेखाली जी जीभ असते, तिच्यावर केसाएवढ्या बारीक खाचा असतात. त्यांतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. लुईस वॉटरमनने अमेरिकेत १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते याच हवा-शाईच्या देवघेवीचं, आणि आजची पेनंही त्याच तत्त्वावर चालतात. या खाचांत लाख वाळली की नळात सिमेंट ओतल्यासारखं होतं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला. अक्षर सुरेख, लग्नपत्रिकांवर नावं घालून द्यायचा. आजोबांच्या पेनात त्यानं ही शाई भरली. दोन दिवस झकास चाललं, तिसऱ्या दिवशी बंद. मग त्यानं शिवणाची सुई घेतली आणि जिभेची खाच उकरली. थोडी शाई आली, म्हणून आणखी उकरली. माझ्याकडे आला तेव्हा पेनाची दोन दुखणी झाली होती: निबेची फट लाखेनं बुजलेली आणि जिभेची खाच सुईनं रुंद झालेली.

निब आणि जीभ अंगठ्या-बोटात रबराचा तुकडा धरून सरळ ओढून काढली. पिळायची नाही, सरळच ओढायची. अल्कलीत लाख सुटते, म्हणून एका वाटीत पाणी घेऊन त्यात थोडा अमोनिया घातला आणि फक्त निब-जीभ त्यात ठेवली. पेनाचं अंग बाजूला. सकाळी पाणी काळं झालं होतं. ओतलं, जुन्या मऊ टूथब्रशनं घासलं, पुन्हा नवं पाणी. असं चार दिवस चाललं. निबेच्या फटीतून पितळी शिमचा पत्रा फिरवला. गाडीच्या स्पेअरपार्टच्या दुकानात तो मिळतो, कागदाहूनही पातळ घ्यावा. पाचव्या दिवशी भिंगाखाली फटीतून उजेड दिसला, वरपासून टोकापर्यंत सरळ.

निब वाचली, जीभ नाही. रुंद झालेल्या खाचेतून शाई नुसती धावायची, प्रत्येक अक्षराच्या शेवटी थेंब. दुसरी जीभ घासून बसवावी लागली. त्या मुलाला मी तेव्हा सांगितलं तेच इथं सांगतो: लाखेला चार दिवस लागतात, सुईला चार मिनिटं, आणि सुईनं केलेलं कुणालाच परत भरून काढता येत नाही.

शाई घेताना बाटलीवर फाउंटन पेनसाठी असं लिहिलेलं बघा. सुरुवात साध्या निळ्या शाईनं करा. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या आणि वड्या करायला घेतल्या, तिथून पुढं आलेली कॅमलची निळी शाई आमच्या पिढीनं शाळेत वापरली आणि मी अजून वापरतो. चमकीच्या शायांत बारीक कण असतात, ते तळाशी बसतात. त्या वर्षभरानंतर. आणि दोन शाया एकमेकींत मिसळू नका. काहींचा साका होतो.

गरम पाणी

"काका, कोमट पाण्यानं लवकर निघेल ना?" हा प्रश्न मला दर महिन्याला ऐकू येतो. कोमट म्हणजे हाताला जेमतेम जाणवेल इतकं. पण घाईतल्या माणसाचं कोमट चहाच्या आधणाजवळ पोचलेलं असतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावात किती घरांतून पाणी उभं होतं, हे सांगलीकराला सांगायला नको. पाणी ओसरल्यावर एका ताईंना खालच्या खोलीतल्या ट्रंकेत वडलांचं पेन सापडलं. काळं एबोनाइटचं, ड्रॉपरनं शाई भरायचं, आत गाळ भरलेला. घरात सगळं धुणं-पुसणं चाललेलं. भांडी उकळत्या पाण्यानं धुऊन घेत होते, त्याच पातेल्यात कुणीतरी पेनही टाकलं. हेतू चांगला होता. वडलांची वस्तू स्वच्छ व्हावी एवढंच मनात होतं.

एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून, तापवून कडक केलेला पदार्थ. अशा पेनावर अंगठा जोरात घासून नाकाशी न्या, गंधकाचा वास येतो. उन्हानं आणि पाण्यानं त्याचा काळा रंग उतरतो, गरम पाण्यानं तर लगेच. शिवाय उष्णतेनं ते मऊ पडतं. ताईंनी पेन आणलं तेव्हा अंग शेवाळी तपकिरी झालेलं आणि नळी किंचित वाकलेली. टेबलावर ठेवून बोटानं ढकललं तर सरळ न लोळता ठेचकाळत लोळायचं. आटे पुरते बसत नव्हते, त्यामुळं शाई भरली की गळायची.

आपल्याकडे या पेनांची परंपरा जुनी आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीला पेनं बनवणाऱ्या रत्नम यांच्या पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ मध्ये त्यांना पत्र लिहून पसंती कळवली होती. हातानं लेथवर काढलेली ही पेनं पन्नास-साठ वर्षं सहज टिकतात. म्हणून पातेल्यातली ती दोन मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत.

माझी पद्धत सांगतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण घ्यायचं, त्यात निब बुडेल इतकंच गार पाणी. पेन त्यात निबेवर उभं करायचं, अंग पाण्याला लागू द्यायचं नाही. नळीत ड्रॉपरनं पाणी घालून खळखळवायचं आणि ओतायचं. आख्खं पेन पाण्यात रात्रभर कधीच नाही. पाणी रंगीत यायचं थांबलं की निब टिश्यूत गुंडाळून खाली तोंड करून ठेवायची, राहिलेलं पाणी कागद ओढून घेतो. अगदीच हटून बसलं तर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि नंतर साध्या पाण्यानं दोनदा धुणं. स्पिरिट नाही. काही प्लॅस्टिकला त्यानं तडे जातात.

कागदावर न चालणारी निब आणि भडंग

एखाद्या ओळीत मध्येच अक्षर तुटतं, दोन इंचांनंतर पुन्हा उमटतं. नवा माणूस निबेला दोष देतो आणि ब्लेड घालून फट रुंद करायला निघतो. आधी कागद बदला. हाताचं तेल कागदाला लागलं की तिथं शाई धरत नाही. आमच्या व्हरांड्यात भडंगाची परात पेनं आवरल्यावरच येते, हा नियम याच कारणानं झाला. लिहिताना तळहाताखाली एक कोरा कागद ठेवा, अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतील.

उलटही होतं. शाई फुटते, अक्षराला मिशा येतात, मागच्या पानावर उतरते, आणि बोल पेनाला लागतो. तो कागदच तसा असतो.

निब खरंच खरखरत असेल तर दहा पट भिंगाखाली बघा. टोकाच्या दोन पाकळ्या एका पातळीत नसल्या तर जी वर चढलीय ती नखानं, अगदी हलकेच, खाली. एकदा दाबा, लिहून बघा, मग पुन्हा. पॉलिशपेपरवर निब घासू नका. टोकावरचा कठीण धातूचा मणी घासून गेला की ती निब संपली. मी स्वतः अजून पॉलिशपेपरला हात लावत नाही, मास्तरांकडे देतो.

थेट नळीत शाई भरण्याची हौस

कार्ट्रिजच्या, म्हणजे शाईची तयार भरलेली कुपी आत बसवायच्या, पेनाच्या नळीतच शाई भरली की महिनाभर बघायला नको, हे ऐकून लोक उतावीळ होतात. आधी नळीला भोक आहे का बघा. लॅमी सफारी या पेनाच्या अंगाला शाई दिसावी म्हणून आरपार खिडक्या असतात. आमच्यातल्या एकानं त्यात थेट शाई ओतली आणि पांढरी विजार घालवली. आत धातूचा भाग असेल तरी नको, गंजतो. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, त्यानं रबरी वॉशर फुगतात.

आणि अशा पेनात शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की भरून घ्या. नळीत हवा जास्त झाली की ती हाताच्या उबेनं फुगते आणि शाईला बाहेर ढकलते, मग पेन कागदावर ओकतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हे हटकून होतं. पेन बिघडलेलं नसतं, उपाशी असतं.

कार्ट्रिज सगळ्यांना सारखं बसत नाही. पार्कर, लॅमी, पायलट, प्रत्येकाचं वेगळं. बसत नसेल तर दाबून बसवू नका.

बाकीचं थोडक्यात. पेन झटकू नका. खिशात निब वर. शाई भरून दोन महिने ड्रॉवरमध्ये टाकू नका, वापरणार नसाल तर धुऊन ठेवा. बॉलपेनासारखं दाबू नका, पाकळ्या फाकतात आणि मग रेघ दुहेरी येते. धुतल्यावर निघणाऱ्या निळ्या शाईनं चेकवर सही करू नका. फरशीवर पडलं तर ते नेहमी निबेवरच पडतं असं समजून, टोपण लावल्याशिवाय हातातून ठेवू नका.

पहिल्याच महिन्यात पाच पेनं

हे बघितलं की मला वाईट वाटतं. चित्रं बघून मागवलेली पाच पेनं घेऊन माणूस येतो, आणि एकही त्याच्या हाताला बसत नाही. आधी या, बसा, आमच्या दहा पेनांनी आपलं नाव-पत्ता लिहा. देवनागरीला कुठली निब लागते हे लिहिल्याशिवाय कळत नाही. बारीक रेघांच्या वहीत जाड निबेनं ब लिहिलात तर पोटातली रेघ दिसेनाशी होते, ष आणि प सारखेच दिसायला लागतात. त्यात जपानी निबेचा फाइन युरोपीय फाइनपेक्षा बारीक निघतो. दुसऱ्याचं पेन घेताना मात्र विचारून घ्या, आणि टोपण मागं खुपसू नका. जुन्या नळीवर तिथंच चरे पडतात.

ताईंचं ते पेन मास्तरांनी सहा महिने ठेवून घेतलं. रंग पॉलिशनं बराचसा काळा झाला, वाक राहिला. आट्यांवर ग्रीस लावूनही गळतं, म्हणून ताई नळीत शाई भरत नाहीत. दौत उघडतात, निब बुडवतात आणि रोजचा हिशेब लिहितात. मागच्या रविवारी त्यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "लिहून बघा, आता घसरत नाही."