पेनड्राइव्हवरून लिनक्स: मूळ डिस्कला हात न लावता संगणक समजून घेण्यासाठी

संगणक रोज वापरणाऱ्या बहुतेकांना आपल्या यंत्रात नेमके काय चालते याची कल्पना नसते, आणि ती करून घ्यायला गेलो तर काहीतरी बिघडेल या धास्तीने कोणी त्या वाटेला जात नाही. ही धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही, कारण कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, बसवताना चुकीचा पर्याय निवडला गेला तर डिस्कवरील सगळी माहिती पुसली जाऊ शकते. म्हणूनच लिनक्ससारखी मुक्तस्रोत कार्यप्रणाली शिकू पाहणाऱ्याने ती थेट संगणकावर बसवण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी ती पेनड्राइव्हवरून चालवावी, काही दिवस तशीच वापरावी, आणि मेमरी, डिस्क, फाइल, परवानगी या मूलभूत संकल्पना तिथे स्वतः तपासून पाहाव्यात.

कार्यप्रणाली, कर्नल आणि वितरण

ब्राउझरला मेमरी हवी असते, गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला स्पीकर हवा असतो आणि दोघांनाही प्रोसेसरचा वेळ हवा असतो. कोणाला काय, किती आणि केव्हा द्यायचे हे ठरवणारा कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी ज्याची घोषणा केली तो लिनक्स हा असाच एक कर्नल आहे. नुसत्या कर्नलवर कोणालाही काम करता येत नाही. त्यासाठी कमांड, कंपायलर (लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन), मजकूर संपादक अशी साधने लागतात, आणि त्यांतील बरीचशी साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून तोवर तयार झालेली होती. कर्नल, ही साधने, डेस्कटॉप आणि रोजच्या वापराचे प्रोग्रॅम एकत्र करून जी तयार कार्यप्रणाली दिली जाते तिला वितरण किंवा डिस्ट्रो म्हणतात.

मुक्तस्रोत म्हणजे फुकट, असा समज सर्रास आढळतो. ही वितरणे बहुधा विनामूल्य मिळतात हे खरे, पण महत्त्वाची गोष्ट परवान्यात असते. हा परवाना प्रोग्रॅमचा मूळ स्रोत, म्हणजे लिहिलेला कोड, वाचण्याची, त्यात बदल करण्याची आणि बदललेला प्रोग्रॅम इतरांना देण्याची मुभा देतो. लिनक्स कर्नल १९९२ पासून जीपीएल या परवान्याखाली आहे, आणि त्यात बदल करून तो वाटणाऱ्याने आपल्या बदलांचा स्रोतही द्यावा, अशी त्या परवान्याची अट आहे. त्यामुळे एखादे वितरण बंद पडले तरी त्यावरचे काम वाया जात नाही. दुसरे कोणीतरी ते पुढे नेऊ शकते.

वितरणे शेकडो आहेत आणि नवशिक्याचा निम्मा उत्साह त्यांची तुलना करण्यातच संपतो. मी लिनक्स मिंट सुचवतो. ते उबुंटूवर आधारलेले आहे आणि उबुंटू डेबियनवर, त्यामुळे एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणीही उपयोगी पडते. यंत्रात ४ जीबी किंवा त्याहून अधिक मेमरी असेल तर सिनॅमन डेस्कटॉपची आवृत्ती घ्यावी. मेमरी त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. प्रोसेसर ६४ बिटचा असल्याची खात्री मात्र करून घ्यावी, कारण मिंटच्या सध्याच्या मुख्य आवृत्त्या ३२ बिटच्या यंत्रांवर चालत नाहीत.

पेनड्राइव्ह तयार करणे

सुरुवात महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवण्यापासून करावी. पुढील कृतींत मूळ डिस्कवर काहीही लिहिले जात नसले, तरी ही सवय आधी लागलेली बरी. त्यानंतर किमान ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्यावा आणि त्यावर गरजेचे काही नाही हे पाहावे, कारण त्यावरचे सगळे पुसले जाणार आहे.

वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ प्रकारची फाइल उतरवून घ्यावी. तिच्याजवळच एसएचए-२५६ या नावाने ६४ अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक खूण दिलेली असते. ही खूण फाइलच्या संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली असते, आणि फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी सगळी खूण बदलते. विंडोजमधील सर्टयुटिल या कमांडने आपण उतरवलेल्या फाइलची खूण काढावी आणि दोन्ही खुणा ताडून पाहाव्यात. त्या जुळल्या नाहीत तर फाइल पुन्हा उतरवावी. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे पुढे जे विचित्र अडथळे येतात त्यांचे मूळ शोधण्यात तासन्‌तास जाऊ शकतात, आणि ही तपासणी तर मिनिटाभरात होते. बरेच जण ती टाळतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केल्याने संगणक त्यावरून सुरू होत नाही. त्या फाइलमध्ये अख्ख्या डिस्कचा आराखडा असतो, आणि तो पेनड्राइव्हवर जसाच्या तसा उतरवावा लागतो. त्यासाठी रुफस किंवा बलेनाएचर यांपैकी एखादे साधन वापरावे. साधन सुरू केल्यावर यादीत पेनड्राइव्हच निवडला आहे ना, हे त्याच्या आकारावरून पुन्हा एकदा पाहावे. संगणकाला बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती आधीच काढून ठेवावी.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करणे

वीज मिळताच संगणकात सर्वप्रथम मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला एक छोटा प्रोग्रॅम चालतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत ते बायॉस असते, नव्यांत यूईएफआय. ते भागांची तपासणी करते, कोणत्या डिस्कवरून कार्यप्रणाली उचलायची ते ठरवते आणि तेथील बूटलोडरकडे सूत्रे सोपवते. बूटलोडर कर्नलला मेमरीत आणतो आणि पुढचे सारे कर्नल पाहतो. आपल्याला या साखळीत फक्त एका जागी हस्तक्षेप करायचा आहे, तो म्हणजे डिस्कऐवजी पेनड्राइव्ह निवडायचा आहे.

विंडोजमधून शटडाउन न करता रीस्टार्ट हा पर्याय घ्यावा. फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. कर्नलची स्थिती डिस्कवर साठवून ते अर्धवट झोपते, आणि मग लिनक्सला विंडोजच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्या भागावर, लिहिता येत नाही. रीस्टार्ट केल्यावर पडद्यावर कंपनीचे चिन्ह दिसताच बूट मेनूची कळ दाबत राहावे. ही कळ यंत्रागणिक वेगळी असते. एफ१२, एफ९, एस्केप यांपैकी एखादी बहुधा चालते.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय उगाच बंद करू नये, कारण उबुंटू, मिंट, फेडोरा यांसारखी वितरणे ती चालू असतानाही सुरू होतात. विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजमधील एन्क्रिप्शनच्या सोयीने कुलूपबंद असेल, तर फर्मवेअरमधील बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेले असते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा ती की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

डेस्कटॉप आल्यावर काय करून पाहावे

डेस्कटॉप दिसू लागला की सर्वप्रथम एक साधा प्रयोग करावा. मजकूर संपादक उघडून दोन ओळी लिहाव्यात, फाइल डेस्कटॉपवर साठवावी आणि संगणक पुन्हा पेनड्राइव्हवरूनच सुरू करावा. फाइल नाहीशी झालेली दिसेल. पेनड्राइव्हवरून चालणारी कार्यप्रणाली नव्या फाइली मेमरीत ठेवते, आणि वीज गेली की मेमरी रिकामी होते. डिस्क किंवा पेनड्राइव्ह वीज नसतानाही माहिती धरून ठेवतात, मात्र त्यांचा वेग मेमरीपेक्षा पुष्कळ कमी असतो. मेमरी आणि साठवण यांतला जो फरक व्याख्या पाठ करूनही डोक्यात बसत नाही, तो या नाहीशा झालेल्या फाइलने कायमचा बसतो. जपून ठेवायची फाइल अर्थातच दुसऱ्या पेनड्राइव्हवर साठवावी.

मग सिस्टीम मॉनिटर उघडून ठेवावा आणि ब्राउझरमध्ये एकामागून एक पाने उघडत जावे. मेमरीचा आलेख चढताना दिसेल. प्रोसेसरचा आलेख पान उघडताना उसळेल आणि पुन्हा खाली येईल. संगणक मंद झाला की लोक प्रोसेसरला दोष देतात, पण पुष्कळदा मेमरी भरलेली असते आणि कर्नल तिच्यातला काही भाग डिस्कवर हलवण्यात गुंतलेला असतो. आपल्या यंत्राचे दुखणे नेमके कोणते, हे आलेखाकडे पाच मिनिटे पाहिल्यावर बऱ्यापैकी कळते, आणि मग नवा संगणक घ्यायचा की मेमरी वाढवायची याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही.

पुढे डिस्क हे साधन उघडावे, पण तेथे केवळ पाहावे. फॉरमॅट किंवा डिलीट या शब्दांच्या वाटेला जाऊ नये. जुन्या पद्धतीच्या डिस्कचे नाव एसडीए असे आणि नव्या वेगवान एसएसडीचे नाव एनव्हीएमई असे सुरू होणारे दिसेल, आणि तिच्यावर पार्टिशनचे पट्टे आखलेले असतील. त्यांतला काही शे एमबीचा छोटा पट्टा बूटलोडरचा असतो. येथे ५०० जीबी दाखवली जाणारी डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. जागा कोठेही हरवलेली नसते. येथे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरले जातात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटना, म्हणजे दोनाच्या तिसाव्या घाताला, एक जीबी म्हणते.

फाइल व्यवस्थापकात सी किंवा डी असे ड्राइव्ह सापडणार नाहीत. लिनक्समध्ये सगळे फोल्डर एकाच मुळापासून फुटतात, ते मूळ नुसत्या तिरप्या रेघेने दाखवतात, आणि नवी डिस्क जोडली की तीही या झाडाचीच एक फांदी होते. आपल्या फाइली होम फोल्डरमध्ये राहतात. संपूर्ण यंत्राच्या मांडणीच्या फाइली ईटीसी या फोल्डरमध्ये असतात. तिथे जाऊन नवी फाइल तयार करण्याचा प्रयत्न करावा. परवानगी मिळणार नाही. आता टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करण्याची खिडकी, उघडून तेथील यादी तपशिलासह मागवावी, म्हणजे एलएस ही कमांड वजा चिन्ह आणि एल या अक्षरासह द्यावी. प्रत्येक फाइलच्या आधी दहा खुणा दिसतील. पहिली खूण फाइल आहे की फोल्डर हे सांगते; उरलेल्या नऊ खुणा तीन-तीनच्या गटांत मालक, त्याचा समूह आणि इतर यांचे अधिकार सांगतात. आर म्हणजे वाचणे, डब्ल्यू म्हणजे लिहिणे, एक्स म्हणजे चालवणे. ईटीसीमधील बहुतेक फाइलींवर लिहिण्याचा अधिकार फक्त रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे असतो.

तो अधिकार तेवढ्या एका कमांडपुरता मिळवण्यासाठी सुडो ही कमांड आहे. पेनड्राइव्हवरील कार्यप्रणालीत ती पासवर्डही मागत नाही, म्हणून संकेतस्थळावर दिसलेली सुडोची कमांड अर्थ न समजता चिकटवू नये. यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मूळ डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर विंडोजचा पासवर्ड न टाकताही येथून तिच्यावरील फाइली उघडता येतात. फाइलींच्या परवानग्या चालू असलेली कार्यप्रणालीच पाळत असते. यंत्र ज्याच्या हाती पडले तो दुसरी कार्यप्रणाली आणून त्या ओलांडू शकतो. लॅपटॉप चोरीला गेला तर माहितीचे रक्षण एन्क्रिप्शनच करते.

कायमचे बसवायचे ठरल्यास

त्याआधी वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि झाकण मिटल्यावर लॅपटॉपचे झोपणे व जागे होणे, हे सगळे पेनड्राइव्हवरूनच तपासावे. एखादा भाग येथे चालत नसेल तर बसवल्यानंतर तो आपोआप चालू लागेल अशी आशा धरू नये.

इन्स्टॉलर दोन मुख्य पर्याय देतो: संपूर्ण डिस्क पुसून लिनक्स बसवणे, किंवा विंडोज ठेवून शेजारी बसवणे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी अनेक धडधाकट यंत्रे मागे राहिली. अशा यंत्रावर पहिला पर्याय सुटसुटीत ठरतो. एखादा प्रोग्रॅम केवळ विंडोजवरच चालत असेल तर दुसरा पर्याय घ्यावा, पण विंडोजचे पार्टिशन लहान करण्याचे काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आधी उरकावे.

बसवून झाल्यावर नवे प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यावेत. मुख्य भांडारातील पॅकेजेस डिजिटल सहीच्या आधारे पडताळली जातात आणि सगळ्यांचे अपडेट एकाच ठिकाणाहून येतात. मिंटमधील टाइमशिफ्ट हे साधन पहिल्याच दिवशी चालू करावे. ते कार्यप्रणालीच्या त्या-त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी जपते आणि एखादा अपडेट बिघडला तर मागच्या स्थितीत परत जाता येते. होम फोल्डरमधील आपल्या फाइली मात्र त्यात मुळातच धरलेल्या नसतात, त्यांची प्रत वेगळी काढावी लागते. नव्या कर्नलनंतर संगणक सुरूच झाला नाही, तर ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरच्या सुरुवातीच्या मेनूतील प्रगत पर्यायांत जाऊन आधीचा कर्नल निवडावा. अपडेट करताना जुना कर्नल लगेच काढला जात नाही, आणि त्याच्यावर संगणक सुरू करून टाइमशिफ्टची मागची नोंद परत आणता येते.