विजेच्या वायरिंगमधून नेट: पॉवरलाइन अडॅप्टरचा वेग कसा वाढवावा

स्लॅब आणि जाड भिंतींमुळे वाय-फाय पोहोचत नसलेल्या खोलीसाठी पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घेतली (एक राउटरजवळ, दुसरा त्या खोलीत; मधले नेट घरच्या विजेच्या तारांतून जाते), तरी पुष्कळदा निराशाच पदरी पडते. खोक्यावरचा आकडा हा वायरीवरचा सैद्धांतिक दर असतो. शिवाय येणारी-जाणारी माहिती एकाच वायरीवरून आळीपाळीने जाते आणि ‘५००’ छापलेल्या अनेक अडॅप्टरांचा लॅन पोर्ट (नेटची केबल लावण्याची जागा) जेमतेम १०० मेगाबिटचा असतो. म्हणून आधी दोन्ही अडॅप्टर शेजारच्या सॉकेटांत लावून दोन संगणकांमध्ये ‘आयपर्फ३’ या चाचणी प्रोग्रामने वेग मोजावा. याहून अधिक वेग त्या जोडीकडून मिळणार नाही, हे गृहीत धरावे.

त्यानंतर एक्स्टेन्शन बोर्ड आणि स्पाइक गार्ड बाजूला काढावेत. घरची वीज ५० हर्ट्झची असते, तर हा सिग्नल साधारण २ मेगाहर्ट्झपासून वर, नव्या अडॅप्टरांत ८६ मेगाहर्ट्झपर्यंत, चालतो. स्पाइक गार्डमधील फिल्टर त्याला गोंगाट समजून गिळून टाकतो. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच असावा. हाच फिल्टर उलट बाजूने मात्र कामी येतो: चार्जर, एलईडी दिवे यांसारखी गोंगाट करणारी उपकरणे स्पाइक गार्डमधून चालवावीत.

दोषी उपकरण शोधण्यासाठी वेग मोजत असतानाच एकेक वस्तू बंद करून पाहावी. आमच्याकडे रोज रात्री नेट रखडायचे. मिक्सर, फ्रीज, टीव्ही सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर पलंगामागे अडकवून ठेवलेला एक स्वस्त मोबाइल चार्जर काढला आणि आकडा तिथल्या तिथे वर चढला.

थ्री-फेज जोडणी असलेल्या घरात दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील, तर सिग्नल दुबळा होतो. इन्व्हर्टरची लाइन मध्ये आली तरीही तोच त्रास संभवतो. कोणता सॉकेट कोणत्या फेजवर आहे, हे वायरमनकडूनच तपासून घ्यावे. डीबी (घरातल्या वायरिंगची मुख्य पेटी) स्वतः उघडू नये. तीन पिनांचे काही अडॅप्टर अर्थिंगची तारही सिग्नलसाठी वापरतात, तेव्हा अर्थिंग नीट आहे की केवळ नावापुरते, तेही त्याच वेळी पाहावे.

शेवटी ‘पेअर’ बटण दाबून स्वतंत्र की (माहिती गुप्त ठेवणारी सांकेतिक किल्ली) तयार करावी, कारण सिग्नल शेजाऱ्यांच्या वायरिंगपर्यंतही जाऊ शकतो.