मोडेमवरून थेट ऑफिसच्या सर्व्हरला जोडणी

इथे मोडेम म्हणजे फोनच्या लाइनवरून नंबर डायल करून कॉम्प्युटर जोडणारा डबा. आधी लाइन तपासा. तांब्याची साधी लँडलाइन हवी. फायबरच्या डब्यातून येणाऱ्या फोनवर मोडेम बऱ्याचदा अडखळतो. मोडेमच्या 'लाइन' खाचेत आरजे-११ वायर (फोनची नेहमीची वायर) खोचा, 'फोन' खाचेत नव्हे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

विंडोज ७ मध्ये कंट्रोल पॅनेल, नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, मग 'सेट अप अ न्यू कनेक्शन'. तिथे 'कनेक्ट टू अ वर्कप्लेस' आणि पुढे 'डायल डायरेक्टली' निवडा. नंबर, युजरनेम, पासवर्ड भरा. डोमेन (ऑफिसच्या नेटवर्कचं नाव) ऑफिसने दिलं असेल तरच भरा. पुण्यातून पुण्यातच डायल करताना ०२० नको, नुसते आठ आकडे. हिंजवडी-खराडीच्या बऱ्याच ऑफिसांत बाहेरच्या लाइनसाठी आधी ० किंवा ९ लागतो. त्यापुढे स्वल्पविराम द्या, म्हणजे मोडेम क्षणभर थांबतो. कॉल वेटिंग बंदच ठेवा, नाहीतर मध्येच कुणाचा फोन आला की जोडणी तुटते.

एरर ६८० म्हणजे डायल टोन नाही, ६७६ म्हणजे लाइन बिझी, ६९१ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. पावसाळ्यात वेग घसरला तर फोन कानाला लावून खरखर ऐका. ती असेल तर सेटिंग बदलून उपयोग नाही, लाइनमनलाच बोलवा.